ऑपेरा गाता गाता लाइफ कोचिंग सुरू करायचं असेल तर

एका ऑपेरा गायिकेने प्रश्न पाठवलाय, तो थोडक्यात असा आहे. वय ३९, मेझो सोप्रानो म्हणजे बायकांच्या आवाजांतला मधला आवाज, १४ वर्षं स्टेजवर, आधी एका थिएटरच्या कायम कंपनीत आणि आता फ्रीलान्स. ड्रेसिंग रूममध्ये सगळे आपलं दुखणंखुपणं हिच्याकडेच घेऊन येतात आणि जो तो म्हणतो तू कोच हो. तर गाणं चालू ठेवून लाइफ कोचिंग जमेल का, सर्टिफिकेट लागतं का, आणि बातमी पसरली की "हिचं गाणं संपलं वाटतं" असं लोक म्हणतील त्याचं काय करायचं.

मी १९ वर्षं गायले, त्यातली शेवटची ७ वर्षं गाणं आणि कोचिंग दोन्ही केलं. आता मुख्यतः कोचिंग करते आणि नवीन कोचची सेशन्स मेंटर म्हणून ऐकते, त्यात गायक बरेच असतात. त्यामुळे जरा लांबच लिहिते.

आधी सरळ उत्तर. हो, जमतं, आणि गाणं न सोडता जमतं. फक्त तुम्ही लिहिलंय ना की स्टेजचा अनुभव आणि आवाजावरचा ताबा हे माझं भांडवल आहे, तिथे मला तुम्हाला थांबवायचंय. भांडवल तुमच्याकडे भरपूर आहे पण ते तुमच्या कानात आहे. आवाज तर सुरुवातीची एक-दोन वर्षं मध्ये मध्ये येईल, माझा आला.

आपल्याला शिकवलं काय जातं ते आठवून बघा. माइक नाही, समोर पिटमध्ये, म्हणजे स्टेजपुढच्या खड्ड्यात, अख्खा ऑर्केस्ट्रा, आणि शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत शब्द पोचला पाहिजे. ऑर्केस्ट्राचा सगळ्यात जास्त जोर साधारण ५०० हर्ट्झच्या आसपास असतो, आणि तयार गायकाच्या आवाजात ३००० हर्ट्झच्या आसपास एक जादा धार येते, सिंगर्स फॉर्मंट म्हणतात तिला, पुरुषांच्या आणि खालच्या आवाजांत ती जास्त स्पष्ट दिसते, आणि त्या धारेवर आवाज एवढ्या वाद्यांतून वाट काढतो. ही धार कमवायला आपण दहा-दहा वर्षं घालवतो. मग एका छोट्या खोलीत एक घाबरलेला माणूस समोर बसलेला असतो आणि आपण त्याच सवयीने बोलतो, खोली भरून टाकतो, आणि त्याला स्वतःचं ऐकूच येत नाही. मेंटर म्हणून गायकांची पहिली सेशन्स ऐकते तेव्हा दहातल्या नऊ वेळा हेच असतं.

माझ्या ट्रेनिंगमधलं एक सेशन सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. क्लायंट एका ऑफिसात हिशेब बघणाऱ्या बाई होत्या, नोकरी सोडू की नको यात अडकलेल्या. त्यांची परवानगी घेऊन ५० मिनिटांचं सेशन रेकॉर्ड केलं आणि मेंटरकडे पाठवलं, मला वाटत होतं फार सुंदर झालंय. मेंटरनी त्यावर एक शब्दही मत दिलं नाही, फक्त एक कागद पाठवला ज्यावर प्रत्येक मिनिटाला कोण बोलतंय एवढंच लिहिलं होतं. ३१ मिनिटं माझी. आणि २२ व्या मिनिटाजवळ पेन्सिलने गोल केलेला. तिथलं ऐकलं तर त्या म्हणतात, "माझ्या वडिलांना नेहमी वाटायचं की..." आणि थांबतात. दोन सेकंद, जेमतेम दोन सेकंद शांतता आहे, आणि मग मी येते, छान भरलेल्या आवाजात, आणि मला एका थिएटरने रोल नाकारला तेव्हा मी काय केलं ती गोष्ट सांगायला लागते. गोष्ट खरी होती, मनापासून सांगितली होती. पण त्या बाई वडिलांकडे परत आल्या नाहीत, त्या सेशनमध्ये नाही आणि पुढच्या तीन सेशन्समध्येही नाही. ते वाक्य तिथेच अर्धं राहिलं.

म्युझिकमध्ये विराम येतो तेव्हा आपण नुसते गप्प नसतो, बार म्हणजे तालाची मापं मोजत असतो, कंडक्टरकडे बघत असतो, पुढच्या एंट्रीचा श्वास भरत असतो. हीच सवय घेऊन आपण सेशनमध्ये बसतो आणि समोरचा थांबला की अंगच सांगतं, चल आता तुझी एंट्री. तिथे पुढची एंट्री आपली नसते. हे मला कळायला वर्ष लागलं आणि अंगात मुरायला अजून दोन. मी उपाय म्हणून एवढंच केलं की समोरचा थांबला की पायाची बोटं बुटात हळूच दाबायची आणि मनात चार पूर्ण श्वास मोजायचे, त्याआधी तोंड उघडायचं नाही. बहुतेक वेळा तिसऱ्या श्वासाला क्लायंट स्वतःच पुढे बोलायला लागतो आणि खरं जे असतं ते तिथून पुढे येतं.

आता कानाबद्दल, कारण इथेच आपण बाकीच्यांपेक्षा खूप पुढे असतो. वाक्याच्या शेवटी सपोर्ट, म्हणजे आवाजाखालचा श्वासाचा आधार, सुटला, श्वास पोटातून वर गळपट्टीपाशी आला, एका शब्दावर आवाज घशात गेला, बोलायचा सूर अर्ध्या सुराने चढला, हे सगळं आपल्याला न मागता ऐकू येतं. मी अशा कोचबरोबर काम केलंय ज्यांना हे ऐकायला मुद्दाम शिकावं लागलं आणि तरी अर्धं निसटायचं. पण ऐकू येणं वेगळं आणि त्याचं काय करायचं ते वेगळं. आपल्याकडे रिवाज काय, ऐकलं की दुरुस्त करायचं. सुरुवातीला मी पण तेच केलं. एक तरुण क्लायंट म्हणाला "नाही, भावाबरोबर तसं सगळं ठीक आहे" आणि "ठीक" वर त्याचा श्वास चक्क थांबला, तर मी लगेच म्हणाले, तुम्ही घाबरलाय, तुमचा श्वास वर चढलाय, खाली आणा. तो हसला, सरळ बसला, व्यवस्थित श्वास घेतला, आणि त्यानंतरची चाळीस मिनिटं मला नीटनेटकी उत्तरं देत राहिला, चांगल्या विद्यार्थ्यासारखी. संपलं सेशन तिथेच.

तीच गोष्ट आज मी अशी म्हणेन, "'ठीक आहे' म्हणताना तुमचा श्वास मध्येच थांबल्यासारखा वाटला मला. तिथे काही होतं का?" आणि गप्प बसेन. तो "नाही" म्हणाला तर नाही, माझं ऐकणं चुकीचंही असू शकतं, खोकला आला असेल. जे ऐकलं ते त्याच्यासमोर ठेवायचं, त्याचा अर्थ लावायचं काम त्याचं. गाणं शिकवताना आपण विद्यार्थ्याला "जबडा सोड" म्हणतो ते बरोबरच आहे, कारण तो त्यासाठीच आलाय. प्रसिद्ध ऑपेरा गायिका मारिया कॅलसने १९७१-७२ मध्ये न्यूयॉर्कच्या जुइलियार्ड स्कूलमध्ये मास्टरक्लास घेतले होते, त्यांची रेकॉर्डिंग्ज आपण सगळ्यांनीच ऐकलीत, विद्यार्थी गातो, ती थांबवते, स्वतः गाऊन दाखवते, परत गा म्हणते. ते अप्रतिम शिकवणं आहे आणि आपल्या डोक्यात "मदत करणं" म्हणजे तेच चित्र बसलेलं असतं. लाइफ कोचिंगमध्ये गाऊन दाखवायचं नसतं, कारण समोरच्याचं आयुष्य तुम्ही कधी गायलेलंच नसतं.

तसं बघितलं तर परफॉर्मन्सच्या जगातून कोचिंगमध्ये येणं काही विचित्र नाही. हे सगळं बऱ्यापैकी तिथूनच आलंय. १९७० च्या दशकात टिमोथी गॅलवे नावाच्या टेनिस कोचच्या लक्षात आलं की खेळाडूला सूचना देत राहण्यापेक्षा बॉल नीट बघायला लावलं तर तो स्वतःच सुधारतो, डोक्यातली बडबडच त्याला आडवी येत असते. त्यावर पुढे काम करणाऱ्यांतले जॉन व्हिटमोर हे आधी मोटार रेसर होते. म्हणजे डोक्यातली बडबड हा आपला रोजचाच विषय, पॅसाज्जो, म्हणजे आवाज खालून वरच्या पट्टीत जातो तो अवघड टप्पा, जवळ येतोय, वरचा सूर लागेल का, परवा चुकला होता. ते तुम्हाला आतून माहितीये ही मोठी गोष्ट आहे.

पण याच ठिकाणी एक रेघ आहे आणि ती तुम्ही कागदावर लिहून ठेवा. स्टेजवर जायच्या आधी हात थरथरतात, त्याची तयारी कशी करायची, यावर काम करू शकता. ज्याला रात्र रात्र झोप नाही, पॅनिक अटॅक येतात, जेवण तुटलंय, दारूशिवाय शो होत नाही, किंवा जगण्यात काही राम नाही असं जो बोलतो, ते काम तुमचं नाही, त्याला डॉक्टर किंवा मानसोपचारतज्ज्ञ लागतो. आणि तसं सांगताना हात झटकल्यासारखं सांगायचं नाही, सोबत बसून अपॉइंटमेंट घेईपर्यंत थांबायचं. तुम्ही लिहिलंय की सहकारी तुमच्याकडे येऊन रडतात. रडणं म्हणजे लगेच आजार असं नाही, पण आपल्या क्षेत्रात स्टेज फ्राइटसाठी बीटा ब्लॉकर, म्हणजे छातीची धडधड आणि थरथर कमी करणाऱ्या गोळ्या, गुपचूप घेणारे किती आहेत ते तुम्हाला माझ्याइतकंच माहितीये, त्या गोळ्यांबद्दल "घे" किंवा "सोड" यातलं काहीही कोचने बोलायचं नाही.

गायकांनी आपल्या हद्दीत राहून किती चांगलं काम करता येतं याचं मला आवडणारं उदाहरण म्हणजे इंग्लिश नॅशनल ऑपेराने २०२० मध्ये इंपीरियल कॉलेज हेल्थकेअरच्या डॉक्टरांबरोबर सुरू केलेला ईएनओ ब्रीद हा कार्यक्रम. कोविडनंतर ज्यांची धाप जात नव्हती त्यांच्यासाठी ६ आठवडे ऑनलाइन श्वासाचे व्यायाम आणि अंगाई गीतं. लोक कोण घ्यायचे हे डॉक्टर ठरवत होते, गायक गाणं आणि श्वास शिकवत होते. त्याची रीतसर चाचणी झाली आणि २०२२ मध्ये लॅन्सेट रेस्पिरेटरी मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली, त्यात मानसिक बाजूने जगण्याचा दर्जा सुधारलेला दिसला आणि धापेच्या काही बाबतीतही फरक दिसला. गायकांनी डॉक्टरकी केली नाही म्हणूनच तो प्रकार उभा राहिला असं माझं मत आहे. तुमच्या कोचिंगमध्ये "श्वासाने सगळं बरं होतं" असलं काही लिहायचा मोह होईल, प्लीज लिहू नका.

सर्टिफिकेट. बहुतेक देशांत कोणीही उद्यापासून स्वतःला लाइफ कोच म्हणू शकतं, कायद्याने काही अडत नाही. म्हणूनच मी म्हणते शिका. जगभर जास्त ओळखली जाणारी संस्था म्हणजे इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन, १९९५ मध्ये सुरू झालेली. त्यांच्या सर्टिफिकेटची पहिली पायरी एसीसी (असोसिएट सर्टिफाइड कोच), तिला ६० तासांचं ट्रेनिंग, १०० तास प्रत्यक्ष कोचिंग ज्यातले ७५ तास मोबदला घेऊन केलेले पाहिजेत, आणि १० तासांचं मेंटर कोचिंग किमान तीन महिन्यांत पसरलेलं, शिवाय परीक्षा. पुढची पायरी पीसीसी (प्रोफेशनल सर्टिफाइड कोच), १२५ तास ट्रेनिंग आणि ५०० तास अनुभव. नियम अधूनमधून बदलतात तेव्हा अर्ज करताना त्यांच्याकडूनच ताजे बघून घ्या. १०० तास ऐकायला थोडे वाटतात, पण आपल्या कॅलेंडरमध्ये, सहा आठवडे रिहर्सल आणि मग शो, ते गोळा करायला मला दीड वर्ष लागलं. आणि ते मेंटर कोचिंगचे १० तास कुठेही वाचवायला जाऊ नका, बाकी ट्रेनिंग विसराल पण स्वतःचं रेकॉर्डिंग कोणाबरोबर तरी बसून ऐकणं विसरणार नाही. आपल्याला ती सवय आहेच की, आयुष्यभर दुसऱ्याच्या कानावर भरवसा ठेवूनच गायलोय, कारण स्वतःचा आवाज आतून वेगळाच ऐकू येतो.

एक छोटी पण त्रास देणारी गोष्ट. ऑपेरामध्ये "कोच" म्हणजे पियानोवर बसून रोल बसवून घेणारा, भाषा, शैली, एंट्री बघणारा माणूस. तुम्ही नुसतं "कोचिंग सुरू करतेय" म्हणालात तर निम्मे लोक स्कोअर, म्हणजे स्वरलिपीची वही, घेऊन येतील. मला तसे फोन आले. त्यामुळे पूर्ण "लाइफ कोचिंग" म्हणा किंवा "करिअर बदलताना सोबत" असं काहीतरी साधं.

आता सहकाऱ्यांबद्दल, कारण तुमचे पहिले क्लायंट तेच असतील असं तुम्ही धरून चाललाय. मी सांगेन की ज्यांच्याबरोबर त्याच सीझनमध्ये गाताय त्यांना क्लायंट म्हणून घेऊ नका. विचार करा, एक मेझो तुमच्यासमोर बसून सांगते की तिचा वरचा आवाज जातोय आणि ती हा रोल पुढच्या वर्षी करू शकणार नाही. पुढच्या वर्षी त्याच रोलसाठी तुम्हाला विचारणा येते. तुम्ही कितीही प्रामाणिक असलात तरी ती रात्रभर विचार करेल की हिने काही सांगितलं का. आपलं क्षेत्र लहान आहे, दोनशे लोक सगळीकडे तेच तेच भेटतात. आणि ज्यांच्याशी मैत्री आहे त्यांच्याशी मैत्रीच ठेवा, ती खूप आहे. मी माझे पहिले २० क्लायंट मुद्दाम बाहेरचे घेतले, शिक्षक, इंजिनिअर, एक निवृत्तीला आलेली नर्तकी. त्याचा अजून एक फायदा झाला, त्यांना माझ्या रोल्सचं काही कौतुक नव्हतं, त्यामुळे मला खरंच ऐकावं लागलं.

त्या नर्तकीबरोबरच्या कामातून माझी दिशा ठरली, हेही सांगते. ज्यांचं शरीर हेच काम आहे आणि ते शरीर बदलतंय, अशी माणसं, नर्तक, खेळाडू, सर्जन सुद्धा. आपल्याला हे कळतं. आवाज वयाबरोबर जड होतो, फाख, म्हणजे आवाजाच्या जातीप्रमाणे ठरणारा रोल्सचा गट, बदलतं, कालपर्यंत चालणारे रोल अंगाला होईनासे होतात, आणि "मग मी कोण" हा प्रश्न सकाळी वॉर्म अप करताना समोर येऊन उभा राहतो. हे तुम्ही जगलाय किंवा लवकरच जगाल. तुम्हाला कुठल्या लोकांबरोबर बसायचंय ते आत्ता ठरवू नका, पहिल्या १०० तासांत कुणाच्या सेशननंतर तुम्ही जास्त जाग्या असता ते फक्त टिपून ठेवा.

आवाजाचं गणित कोणी सांगत नाही म्हणून सांगते. बोलणं कधी कधी गाण्यापेक्षा जास्त थकवतं, विशेषतः ऑनलाइन, हेडफोन लावून, स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नाही तेव्हा आपण नकळत घशावर जोर देऊन बोलतो. एका प्रीमियरच्या आठवड्यात मी रोज चार सेशन्स ठेवली आणि जनरल रिहर्सलला मधला आवाज अक्षरशः धुरकट झाला होता. तेव्हापासून शोच्या दिवशी आणि आदल्या दिवशी सेशन नाही, ऑर्केस्ट्रा रिहर्सलच्या आठवड्यात जास्तीत जास्त दोन, आणि क्लायंटबरोबरच्या लेखी करारात आधीच लिहिलेलं की मी परफॉर्म करणारी गायिका आहे, अमुक महिन्यांत मी कमी उपलब्ध असेन, आजारी पडले तर सेशन पुढे जाईल. लोक समजून घेतात, फक्त आधी सांगावं लागतं. क्लायंट बोलत असताना तुम्ही गप्प बसायला शिकलात की घशाचा हा त्रासही अर्धा कमी होतो.

पैशांबद्दल एवढंच की फ्रीलान्स ऑपेरामध्ये बऱ्याच ठिकाणी शो झाला तरच मानधन मिळतं, आजारी पडलो तर गेलं, आणि २०२० मध्ये थिएटर्स बंद झाली तेव्हा कितीतरी जणांचे करार एका रात्रीत कोरे झाले. त्या भीतीतून बरेच गायक कोचिंगकडे आले, मी सुद्धा काही अंशी भीतीतूनच वळले. भीतीने सुरुवात झाली तरी चालेल, पण पहिली दोन वर्षं कोचिंगच्या पैशावर घर चालेल असं धरू नका. तसं धरलं की मग क्लायंट सुटू नये म्हणून तुम्ही त्याला आवडेल ते बोलायला लागता, आणि जिथे "हे काम माझं नाही, तुम्ही डॉक्टरकडे जा" म्हणायला हवं तिथे जीभ अडखळते. गाण्याची जी कामं येतायत ती घेत राहा.

आणि एक प्रश्न जो तुम्ही विचारला नाहीत पण मला तुमच्या लिहिण्यात दिसला. तुम्ही दोनदा लिहिलंय "गाण्याला कंटाळले नाहीये". गेल्या दोन वर्षांत ऑडिशनला "थँक यू" ऐकून बाहेर आल्यावर काय वाटलं ते कोणाशी तरी, एखाद्या कोचशी किंवा थेरपिस्टशी, आधी बोलून घ्या. मी ते न करता सुरुवात केली होती आणि वर्षभर प्रत्येक अडकलेल्या क्लायंटमध्ये मला ऑडिशनमध्ये नाकारलेली मीच दिसत होते, स्वतःलाच मी समजावत बसायचे.

राहिला "गाणं संपलं" हा बोभाटा. तो होईल, थोडा होईलच. यात क्रम महत्त्वाचा आहे. सगळ्यात आधी एजंटला स्वतः फोन करा, मेसेज नाही, आणि त्यांना पुढच्या दोन सीझनच्या तारखा आणि तुम्हाला हवे असलेले रोल घेऊन बोला, कोचिंगचं वाक्य त्या बोलण्याच्या मध्ये कुठेतरी येऊ द्या. मग नेहमीच्या थिएटर्समधल्या कास्टिंगवाल्यांना, तेही समोर भेटल्यावर. कोचिंगचं पान गाण्याच्या पानापासून पूर्ण वेगळं ठेवा, स्टेजवरचे कॉस्च्युममधले फोटो त्यावर नकोत. आणि जाहीर करायचा दिवस असा निवडा की त्या आठवड्यात तुमचा एखादा शो लागलेला असेल. मी तसं केलं होतं, सोमवारी जाहीर केलं आणि शुक्रवारी गायले. शुक्रवारी इंटर्व्हलमध्ये ज्या कास्टिंग डायरेक्टरने मला विचारलं की "म्हणजे आता गाणं बंद का", त्यांना मी दुसरा अंक ऐकून जा म्हणाले, आणि पुढच्या सीझनचा फोन त्यांच्याकडूनच आला.